बाइकच्या इंजिनात ऑइल फिरतं कसं, आणि घरी बदलायचं कसं (नवशिक्यांसाठी)

कुंभार्ली घाटात, चिपळूणकडून वर येताना, माझी शंभर सीसीची बाइक चढावर एकदम ओढ सोडून बंद पडली. किक खाली जाईना. गिअरमध्ये टाकून ढकलली तर मागचं चाकच घासत आलं. टेम्पोत घालून गॅरेजला नेली, फिटरने खालचा बोल्ट खोलला तर चहाच्या कपाएवढंसुद्धा ऑइल निघालं नाही. पिस्टन बोअरला (सिलेंडरच्या आतल्या भिंतीला) चिकटलेला, हेडमध्ये (इंजिनाच्या वरच्या भागात) कॅम घासून निळा पडलेला. बोअर-पिस्टन आणि क्रँक दोन्हीचं काम निघालं. आणि त्याआधी दोन आठवडे रोज सकाळी हेडमधून टापा (टकटक आवाज) वाजत होत्या, मी ऐकत होतो, पण त्याचा अर्थ काय हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. ती माहिती इथे सगळी एका जागी देतोय. गाडी नवीन घेतली असेल किंवा घरातली जुनी हातात आली असेल तर आधी हे वाचा, मग पाना उचला.

१. आधी ऑइलचा रस्ता डोळ्यासमोर आणा

ही पायरी गाळू नका, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

आपल्याकडच्या बहुतेक फोर स्ट्रोक बाइकमध्ये ऑइल इंजिनाच्या अगदी तळाशी, क्रँककेसमध्ये साठलेलं असतं. तिथे एक बारीक जाळी असते, तिच्यातून छोटा पंप ऑइल ओढतो. हा पंप इंजिनावरच फिरतो, म्हणजे इंजिन जोरात तर पंप जोरात आणि इंजिन बंद तर पंपही बंद. पंपातून निघालेलं ऑइल केसमध्येच पाडलेल्या बारीक वाटांनी जातं. एक वाट क्रँककडे, जिथे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचं मोठं बेअरिंग असतं. दुसरी वाट सिलेंडरच्या कडेने वर हेडकडे, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्ट आणि रॉकरवर. गिअरबॉक्स आणि क्लच त्याच घरात असल्यामुळे त्यांनाही हेच ऑइल. पिस्टनला आणि बोअरला वेगळी वाट लागत नाही, क्रँक फिरताना जे ऑइल उडतं त्याच्यावर त्यांचं भागतं आणि जास्तीचं ऑइल पिस्टनची खालची रिंग खरवडून परत खाली लोटते. हेडमधलं ऑइल, कॅम फिरवणाऱ्या टायमिंग चेनच्या बोगद्यातून खाली येतं आणि पुन्हा तळाशी जमा होतं.

आता हेड हे पंपापासून सगळ्यात लांबचं टोक आहे. ऑइल कमी झालं की पंप ऑइलच्या जोडीने हवा ओढायला लागतो, वाटांमधला दाब पडतो, आणि आपल्या कानाला पहिल्यांदा कळतं ते हेडमध्ये. म्हणून टापा वाजायला लागतात. टापा वाजण्याचं दुसरं कारण टापेटची (रॉकर आणि व्हॉल्व्हमधल्या फटीची) सेटिंग बिघडणं हेही असतं, पण सेटिंगला गाडी द्यायच्या आधी ऑइलची काडी (झाकणाला लागलेली लेव्हल बघायची पट्टी) काढून बघा, त्याला एक मिनिट लागतं आणि पैसा एकही नाही.

ऑइल दोन धातूंच्या मध्ये टिकतं तरी कसं, एवढ्या ताकदीने दाबल्यावर पिळून बाहेर का जात नाही, हा प्रश्न मला बरेच दिवस पडलेला. त्याचं उत्तर १८८३ साली इंग्लंडमध्ये बीचम टॉवर नावाच्या इंजिनियरला रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करताना सापडलं. त्याने बेअरिंगला वरून ऑइल सोडायला भोक पाडलं, तर शाफ्ट फिरल्यावर उलट त्या भोकातूनच ऑइल वर यायला लागलं. लाकडी खुंटी ठोकली तर ती बाहेर ढकलली गेली. म्हणजे फिरणारा शाफ्ट स्वतःच ऑइलला ओढून फटीत कोंबतो आणि तिथे इतका दाब तयार होतो की शाफ्ट त्यावर तरंगतो. १८८६ साली ऑसबर्न रेनॉल्ड्सने त्याचं गणित मांडलं. तुमच्या इंजिनातही हेच चालतं, ऑइलच्या थराची जाडी काही मायक्रॉनची, केसापेक्षा कितीतरी पातळ. एवढा थर शाबूत असेपर्यंत लोखंडाला लोखंड लागत नाही. इंजिन बंद केलं की शाफ्ट खाली टेकतो, सकाळी चालू केल्यावर ऑइल वर पोचायला काही सेकंद जातात. तेवढा वेळ गाडी रेस करू नका. चालू करून लगेच कान फुटेस्तोवर पिळणारे बघितले की मला खरंच वाईट वाटतं त्या इंजिनाचं.

ऑइल अजूनही कामं करतं. पिस्टनखालची उष्णता वाहून नेतं, काजळी आणि बारीक कीस स्वतःत धरून ठेवतं, रिंग आणि बोअरमधली फट बुजवतं, आतल्या भागांना गंज येऊ देत नाही. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात तर थंडाव्याचा मोठा भार ऑइलवरच असतो.

२. तुमची गाडी कुठल्या जातीची आहे ते बघा

वर सांगितलं ती स्प्लेंडर, शाइन, पल्सर वगैरेंची पद्धत.

अॅक्टिव्हासारख्या स्कूटरमध्ये इंजिनाचं ऑइल वेगळं आणि मागच्या चाकाजवळच्या गिअरचं ऑइल वेगळं असतं. ते गिअरचं ऑइल थोडंसंच असतं आणि बरेच लोक ते वर्षानुवर्षं बदलत नाहीत. क्लच आणि बेल्ट कोरड्या डब्यात असतात, त्यांना ऑइल लागतच नाही.

बुलेट असेल तर आधी कुठलं इंजिन ते विचारा. जुन्या कास्ट आयर्न बुलेटला ऑइलची टाकी क्रँककेसच्या अंगातच पण वेगळ्या कप्प्यात असते आणि पंप दोन असतात, एक ऑइल पाठवणारा, एक परत आणणारा. गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं, क्रँककडून क्लचकडे जाणाऱ्या प्रायमरी चेनचं वेगळं. त्यानंतर आलेल्या युनिट इंजिनात सगळं एकाच घरात.

आणि कोणाकडे आरएक्स १०० किंवा जुनी चेतक असेल तर तिथे गणितच वेगळं, टू स्ट्रोकमध्ये ऑइल फिरून परत येत नाही, पेट्रोलबरोबर जळून जातं. आरएक्सला ऑइलची टाकी आणि पंप वेगळा, चेतकला पेट्रोलमध्येच मिसळायचं, लिटरला २० मिली हे प्रमाण जुन्या लोकांना अजून तोंडपाठ आहे. तिथे खालचं ऑइल फक्त गिअरबॉक्सचं असतं. हा लेख टू स्ट्रोकसाठी नाही.

३. डब्यावरची अक्षरं वाचायला शिका

दुकानात गेल्यावर "बाइकचं ऑइल द्या" म्हणू नका. तीन गोष्टी मागायच्या.

पहिला घट्टपणा, म्हणजे १०डब्ल्यू-३० वगैरे. डब्ल्यू म्हणजे विंटर, त्याच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, नंतरचा १०० अंशाला किती घट्ट राहतं ते. स्प्लेंडरला १०डब्ल्यू-३० चालतं, बऱ्याच पल्सरना २०डब्ल्यू-५०, युनिट इंजिनच्या बुलेटला १५डब्ल्यू-५०. "आपल्याकडे ऊन फार, जाड ऑइल टाक" असा सल्ला हमखास मिळतो. बारीक वाटांच्या इंजिनात जाड ऑइल सकाळी वर पोचायला वेळ लावतं आणि अॅव्हरेजही कमी होतं. मॅन्युअलमध्ये जे आहे तेच टाका.

दुसरं जासो, म्हणजे ऑइल क्लचला चालेल का ते सांगणारा जपानी दर्जा. गिअरवाल्या बाइकचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो, म्हणून ऑइल अति गुळगुळीत झालं तर क्लच प्लेटा घसरतात. अशा बाइकला जासो एमए किंवा एमए२. स्कूटरचा क्लच कोरडा, तिला एमबी. एमबीवालं ऑइल बाइकमध्ये टाकलं तर चढावर इंजिन ओरडतं पण गाडी पुढे जात नाही असं होऊ शकतं, आणि मग माणूस क्लच प्लेटा बदलत बसतो. कारचं ऑइल स्वस्त पडतं म्हणून बाइकला टाकू नका, कारण हेच.

तिसरं एपीआय, म्हणजे ऑइलचा अमेरिकन दर्जा, एसएल, एसएम, एसएन. दुसरं अक्षर जितकं पुढचं तितका दर्जा नवा. एसएल २००१ पासूनचा, एसएन २०१० पासूनचा. मॅन्युअलमध्ये एसएल असेल तर एसएन चालतं, उलटं करू नका.

मिनरल की सिंथेटिक यावर लोक तासन् तास भांडतात. माझं मत, रोज ऑफिस आणि घर असं चालवणाऱ्या शंभर सीसीला चांगलं मिनरल वेळेवर बदललं तर पुरतं. महागडं सिंथेटिक टाकून लेव्हल न बघणारा माणूस इंजिन लवकर घालवतो.

बनावट ऑइल ही खरी अडचण आहे. रिकामे डबे गोळा करून पुन्हा भरले जातात. झाकणाची रिंग, आतलं सील, छापलेली तारीख बघा, ओळखीच्या दुकानातून किंवा पंपावरून घ्या. गॅरेजमध्ये बदलत असाल तर डबा आपल्यासमोर फोडायला लावा, आणि रिकामा डबा मी स्वतः खिळा मारून भोक पाडून टाकतो.

४. लेव्हल बघणं

बाकी काही नाही केलं तरी चालेल, एवढं दर आठवड्याला करा.

गाडी सपाट जागेवर डबल स्टँडला. साइड स्टँडवर बघितलं तर गाडी कलल्यामुळे लेव्हल चुकीचीच दिसणार. इंजिन तीन-चार मिनिटं चालू ठेवा, बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा म्हणजे वरचं ऑइल खाली उतरतं. मग काडी काढा, फडक्याने पुसा, परत घाला, काढा आणि बघा. इथे सगळ्यात जास्त फसतात ते काडीच्या आट्यांवर. हिरो-होंडाच्या गाड्यांना काडी नुसती टेकवून बघायची असते, आटे पिळायचे नाहीत. काही गाड्यांना पूर्ण पिळून बघायचं असतं. पिळून बघायची नसताना पिळलीत तर काडी जास्त बुडते आणि ऑइल असल्यापेक्षा जास्त दिसतं, म्हणजे कमी असूनही तुम्ही बिनघोर. काही बाइकना काडीच्या जागी बाजूला काचेची खिडकी असते, तिथे दोन खुणांच्या मध्ये ऑइल दिसलं पाहिजे.

वरच्या खुणेच्या वरही नको. जास्त ऑइल म्हणजे जास्त चांगलं असं नसतं, क्रँक त्यात घुसळायला लागतो, फेस होतो, फेसात हवा असते आणि हवेवर बेअरिंग तरंगत नाही. वरून ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या) नळीतून ऑइल एअर फिल्टरमध्ये येतं.

५. सामान

- गाडीचं मॅन्युअल. हरवलं असेल तर कंपनीच्या साइटवर बहुतेक वेळा मिळतं
- बरोबर मापाचा रिंग पाना किंवा गोटी पाना. स्प्लेंडरच्या खालच्या बोल्टला १७ चा. फिक्स पाना आणि पक्कड नको, बोल्टचे कोपरे गोल होतात
- नवीन ऑइल आणि खालच्या बोल्टचा नवीन वायसर
- फिल्टर असेल तर फिल्टर आणि त्याची रबरी रिंग
- नरसाळं, जुनं घमेलं, मिलीच्या खुणा असलेलं माप, न झडणारं फडकं
- हातमोजे. वापरलेलं ऑइल कातडीला सतत लागणं चांगलं नाही, हे मनावर घ्या

मागच्या वेळी ऑइल किती किलोमीटरला बदललं ते लिहायला सीटखाली एक चिठ्ठी, मी तीच वही समजतो. गाडी अजून वॉरंटीत असेल तर घरी बदलायच्या आधी सर्व्हिस बुकातल्या अटी वाचा.

६. जुनं ऑइल काढणं

इंजिन तीन-चार मिनिटं चालवून कोमट करा. थंड ऑइल घट्ट असतं आणि खाली बसलेली घाण तशीच राहते. लांबून आल्या आल्या पण काढू नका, हात भाजतो.

डबल स्टँडला लावा, वरची काडी सैल करा, खाली घमेलं ठेवा, बोल्ट सोडा. आता तीन सापळे, तिन्हीमध्ये माणसं पडलेली मी बघितलीयत.

पहिला, बोल्टची दिशा. आपण वरून वाकून किंवा जमिनीवर आडवं होऊन काम करतो त्यामुळे डावं-उजवं उलटं वाटतं, आणि सोडायच्या ऐवजी आवळलं जातं. बोल्ट लोखंडी, केस अॅल्युमिनियमची, आटे जातात ते केसचे. बोल्टच्या डोक्याकडे खालून बघतोय असं समजा आणि घड्याळाच्या उलट फिरवा.

दुसरा, चुकीचा बोल्ट. होंडा पद्धतीच्या शंभर सीसी इंजिनांना खाली अजून एक बोल्ट असतो, टायमिंग चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरचा. तो उघडला की आतून स्प्रिंग आणि दांडी खाली येते. मॅन्युअलमधलं चित्र बघूनच पाना लावा.

तिसरा, डिझेलने इंजिन धुणं. डिझेल टाकून इंजिन चालवायचं, घाण निघते म्हणे. वाटांमध्ये राहिलेलं डिझेल नवीन ऑइल पातळ करतं, आणि ते चालवलेलं मिनिटभर बेअरिंगला नीट थर मिळत नाही. कोणी कितीही आग्रह केला तरी नको म्हणा.

ऑइल धार तुटून थेंब थेंब यायला लागलं की चावी बंद ठेवून चार-पाच किका मारा, अजून थोडं निघतं. दहा मिनिटं तसंच राहू द्या.

७. जाळी आणि फिल्टर

इथे गाडीगाडीत फरक आहे. स्प्लेंडरच्या जुन्या इंजिनात कागदी फिल्टर नसतो, क्रँकच्या टोकावर एक फिरणारी वाटी असते, ऑइल तिच्यात गेलं की जड कण बाहेरच्या भिंतीला चिकटतात, ताक घुसळल्यावर लोणी बाजूला होतं तसंच काहीसं. ती साफ करायला क्लचचं झाकण उघडावं लागतं, पॅकिंग नवीन लागतं, पहिल्यांदा फिटरकडूनच करून घ्या आणि शेजारी उभं राहून बघा. अॅक्टिव्हाला स्प्रिंगसकट जाळी असते, ती पेट्रोलने धुऊन, सुकवून, निघाली तशीच बसवायची, म्हणून काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा. कागदी फिल्टर असेल तर त्याला एक तोंड आत एक बाहेर असतं, उलटा बसला तर ऑइलची वाटच बंद होऊ शकते. फोटो इथेही.

८. नवीन ऑइल भरणं

बोल्ट आणि बसायची जागा पुसा, नवीन वायसर घाला, बोल्ट आधी हातानेच पूर्ण लावा. हाताने सहज जात नसेल तर तिरका बसलाय, काढून परत लावा. मग पान्याने आवळा, मॅन्युअलमध्ये जो टॉर्क (आवळायचा जोर) दिलाय तेवढाच. टॉर्क पाना नसेल तर लांब दांडा वापरू नका, अंगाची ताकद लावू नका.

मॅन्युअलमध्ये ऑइलचे दोन आकडे असतात, एक नुसतं ऑइल बदलताना, एक इंजिन पूर्ण खोलल्यावर. दुसरा मोठा असतो. तुम्हाला पहिला पाहिजे. डबा ९०० मिलीचा किंवा लिटरचा आहे म्हणून सगळा ओतायचा नसतो, मापात घेऊन ओता. सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त होणारी चूक ही आहे.

काडी लावा, इंजिन दोन-तीन मिनिटं नुसतं आयडलला चालू द्या, बंद करा, थांबा, लेव्हल बघा, लागलं तर थोडं थोडं घाला. बोल्टखाली कागद ठेवून रात्रभर गाडी उभी करा, सकाळी थेंब दिसला तर वायसर बघा.

किती किलोमीटरला बदलायचं ते मॅन्युअल सांगतं. मी ३,००० ला बदलतो, कारण माझा रस्ता घाटाचा आणि धुळीचा आहे. गाडी रोज दोन किलोमीटरच चालत असेल तर किलोमीटरवर जाऊ नका, महिने मोजा, कारण इंजिन तापतच नाही आणि आत वाफेचं पाणी साचत राहतं.

९. निघालेलं ऑइल बघून गाडीची तब्येत कळते

ओतून टाकायच्या आधी घमेल्यात नीट बघा.

काळं असेल तर घाबरू नका, ते काजळी धरून ठेवतंय म्हणजे काम करतंय. दुधाळ, चहासारखं असेल तर पाणी गेलंय. पेट्रोलचा वास आणि ऑइल पातळ, वर लेव्हल वाढलेली, तर कार्ब्युरेटरची सुई किंवा रिंग बघून घ्या. उन्हात धरल्यावर चकचकीत कण दिसले तर चुंबक फिरवा. चिकटले तर लोखंड, गिअर किंवा बेअरिंगमधलं. न चिकटणारे पांढरे अॅल्युमिनियमचे, सोनेरी बुशचे. नवीन गाडीच्या पहिल्या सर्व्हिसला थोडा बारीक कीस निघणं नेहमीचं आहे, नखाएवढा तुकडा निघणं कधीच नाही.

खाली बोल्टला गळती नाही, तरी लेव्हल कमी होते आणि सायलेन्सरमधून निळा धूर येतो, तर ऑइल जळतंय. रिंग किंवा व्हॉल्व्हचं सील. ते काम होईपर्यंत आठवड्याऐवजी रोज काडी बघा.

पुराच्या गाड्यांचं खास सांगतो. २०१९ ला सांगली-कोल्हापूरला आणि २०२१ ला चिपळूणला हजारो गाड्या पाण्यात होत्या आणि पाणी ओसरल्यावर लोकांनी पहिली किक मारली. ते करू नका. पाणी ऑइलपेक्षा जड, ते तळाशी बसतं, आणि पंपाची जाळीही तळाशीच असते, म्हणजे पहिल्यांदा बेअरिंगला जाणार ते गढूळ पाणी. आधी खालचा बोल्ट काढा, सगळं काढा, प्लग काढून सिलेंडरमधलं पाणीही काढा, स्वस्तातलं का होईना नवीन ऑइल टाकून थोडा वेळच चालवा, परत काढा. दुधाळपणा जाईपर्यंत दोन-तीनदा करावं लागतं.

कारवाल्यांसाठी दोन ओळी. डॅशबोर्डवरचा चिरागासारखा लाल दिवा लेव्हलचा नसतो, दाबाचा असतो. चालताना लागला तर पुढच्या पंपापर्यंत जाऊ म्हणू नका, बाजूला घ्या आणि तिथेच बंद करा. आणि २०२० नंतरची डिझेल गाडी फक्त शहरात फिरत असेल तर काडीवर लेव्हल वाढलेली दिसू शकते, सायलेन्सरच्या वाटेवरच्या धुराच्या फिल्टरमधली काजळी जाळायला सोडलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. वाढलेली लेव्हल बघून खूश होऊ नका, सर्व्हिसला दाखवा.

१०. जुन्या ऑइलचं काय करायचं

गटारात नाही, झाडाखाली नाही, धूळ बसवायला अंगणात नाही, विहिरीच्या आसपास तर अजिबातच नाही. कायद्याने हे घातक कचऱ्यात येतं. थंड झाल्यावर नवीन ऑइलच्या रिकाम्या डब्यात भरा, झाकण लावा, वर ठळक "जुनं ऑइल" लिहा, आणि ज्या मोठ्या गॅरेजचं ऑइल नोंदणीकृत रिसायकलवाला उचलतो तिथे नेऊन द्या. आधी विचारून घ्या की ते पुढे कुठे जातं. डबा परत मिळाला तर त्याला भोक पाडायचं विसरू नका.